हौसा बसून राहिली

हौसानं देव बदलला तो तिची प्रार्थना ऐकली गेली म्हणून नव्हे. गावाला हे कधीच उमगलं नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा विठू रोह्याच्या इस्पितळात पडून होता. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिथं निडी गावच्या नमिता नावाच्या नर्सबाई होत्या. ड्युटी संपली की त्या घरी न जाता हौसाशेजारी बाकड्यावर बसायच्या, डोळे मिटून हळू आवाजात येशूचं नाव घ्यायच्या. नवव्या दिवशी विठू गेला. महिना उलटल्यावर हौसानं नागोठण्याची मिनीडोर रिक्षा धरली आणि तिथून निडी गाठली. नमिताताईंच्या घरी रविवारची प्रार्थना भरायची.

परत आली तेव्हा जाऊबाई धोंडुबाई दारातच उभी.

"अगो, नवरा तर मेला तुजा. त्या देवानं केलं काय, म्हनून चाललीस?"

"काय केलं ते मला नाय ठाऊक," हौसा म्हणाली. "पन ती बाई नव दिस माज्याजवळ बसली. ती ज्याचं नाव घेते तो कसा हाय, ते बघायचं हाय."

धोंडुबाईचा नवरा, थोरला दीर महिपती, त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. घराची भिंत एक, पण सणावाराला हाक नाही. हौसाचा मुलगा आदर्श तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो आईच्या देवाच्या भानगडीत पडला नाही आणि आडही आला नाही. मोठा झाला, डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागला, तेव्हा रविवारी बाईकवरून तिला नाक्यावर सोडायचा एवढंच.

गडबच्या पलीकडं खाडीच्या अंगाला असलेल्या या गावाची भातशेती उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली. मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे. बांधाला भगदाड पडलं, इथले लोक त्याला खांड म्हणतात, की खारं पाणी शिवारात शिरतं आणि पुढं दोन-तीन वर्षं दाणा पिकत नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येला भर दुपारी खांड पडली. आदर्श रातपाळी करून झोपला होता. महिपती नऊ वर्षांनी पहिल्यांदा हौसाच्या दारात आला.

"आदर्श, बांध फुटला रं! ऊठ!"

पोरगा अंगात शर्ट न घालताच धावला. कमरेला दोरी बांधून तो खांडीत उतरला, बांबू रोवायला. दोरी धरून बांधावर पाच माणसं होती, सगळ्यात पुढं महिपती. पाण्यानं ओढ घेतली आणि पुढचा हात सुटला. मागच्यांना ती ओढ पेलली नाही.

तिसऱ्या दिवशी तो खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांच्या मुळ्यांत सापडला.

रोह्याहून पास्टर मिथुन आले. म्हणाले, "मावशी, आपली दफनाची जागा लांब आहे, पण मी सोय करतो."

महिपती मान वर न करता म्हणाला, "पोर गावचा हाय. गावच्या मसणात जाईल."

सगळे हौसाकडं बघायला लागले.

"जाळा," ती म्हणाली. "देवाला माती नि राख सारखीच. पन आता लवकर करा."

पास्टरांनी मसणाच्या कडेला उभं राहून प्रार्थना केली. त्यांना कुणी अडवलं नाही.

देव सोडला त्याचं फळ, असं गाव म्हणालं. गाव असं म्हणणार, हे हौसा धरूनच चालली होती. पण निडीच्या प्रार्थनेला येणारी एक बाई भेटायला आली आणि म्हणाली, यात देवाची काहीतरी योजना असेल. हौसानं तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला.

"असली योजना माज्या दारात आनू नका."

त्यानंतर प्रार्थना बंद. रविवार आला तसा गेला. नमिताताई मात्र दर गुरुवारी यायच्या, तांदूळ निवडायला बसायच्या, देवाचा शब्द काढायच्या नाहीत. एकदा हौसानंच विचारलं, "ताई, तो हाय तरी का?"

नमिताताईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "मला वाटतं, आहे. तुम्हाला जमत नाही तोवर तुमच्या वाटचा विश्वास मी ठेवते."

माघात धोंडुबाई आली. महिपतीनं अन्न सोडलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडायचा. "एकदा चल गो. तुजंच नाव घेतात."

हौसा उंबऱ्यात उभी राहिली. पाय निघेना. शेवटी गेली.

महिपती हाडांचा सापळा झाला होता. तिला बघून म्हणाला, "दोरी सुटली नाय, हौसा. मी सोडली. पानी मलाबी ओढाय लागलं. भ्यालो मी."

"ठाऊक हाय मला. बाकीच्यांच्या तळव्यांची सालं निघालेली. तुमचे हात धड व्हते."

"मग बोलली का नाय?"

"बोलून पोर येनार व्हता?"

तो रडायला लागला. "माफ केलं म्हन."

"नाय जमत, भावोजी."

ती उठणारच होती. आणि तेव्हा, चार महिन्यांत पहिल्यांदा, ती मनात देवाशी बोलली. मला याला माफ करता येत नाय. मला इथनं पळून जायचं हाय. तू मला उठू देऊ नको.

ती बसून राहिली. तिन्हीसांजेला तिनं पेज केली. महिपतीनं दोन घोट घेतले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्याही. रोज जाताना तोच राग घेऊन जायची, आणि येताना तो थोडाही कमी झालेला नसायचा.

शिमग्याच्या सुमारास महिपती उठून बसला. गावकीच्या बैठकीत त्यानं आपल्या तोंडानं दोरीची गोष्ट सांगितली. कुणी थुंकलं, कुणी उठून गेलं. खांड पुढच्या वर्षी बुजवली, पण शेत अजून मिठानं पांढरं पडलेलं आहे. हौसा गडबच्या नाक्यावर सुकी मासळी विकते.

माफ केलं, हे शब्द तिनं अजून उच्चारलेले नाहीत. निडीला मात्र ती पुन्हा जाते. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, त्यात 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ येते. तिथं हौसाचे ओठ मिटतात. ती ओळ शेजारी नमिताताई म्हणतात. पुढची ओळ रोजची भाकर मागायची असते. तिथून हौसाचा आवाज पुन्हा ऐकू येतो.