धामणगावचा हरिओम आणि पाण्यातली जोडी

हरिओमबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, लिहा सर, पण मला मोठा करून लिहू नका. म्हणून जसं घडलं तसंच सांगतो. त्यात माझाही एक वाटा आहे, तो लपवणार नाही. मी नांदुऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि फावल्या वेळात एका दैनिकाला आसपासच्या गावांच्या बातम्या पाठवतो.

हरिओमचे वडील रंगराव बुलडाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे गावचे. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर असा त्यांचा बारमाही भाजीपाला. शेतात जुनी बांधीव विहीर आहे, पायऱ्यांची. हरिओम सहा वर्षांचा असताना रंगरावांनी त्याच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि त्याला त्या विहिरीत सोडलं. पंधरा दिवसांत डबा सुटला. पुढे पोरगा पाण्यात असे काही खेळ करू लागला की बाया धुणं थांबवून बघत. तो पाण्यावर पद्मासन घालून बसायचा. खोल पाण्यात उभा राहून दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा आणि छातीपर्यंत वर राहायचा. उलटा होऊन फक्त पाय पाण्याबाहेर काढायचा. पाहुणे आले की रंगराव स्वतः त्याला विहिरीवर न्यायचे. फार बोलणारा माणूस नव्हे, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

बारावीनंतर हरिओम पुण्याला गेला. पोहण्यात नाव काढायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. पण पुण्याच्या तलावांवर लहानपणापासून शिस्तीत पोहलेली पोरं होती. दोनशे मीटरला हा कायम चार-पाच सेकंदांनी मागे. तीन वर्षं झटला, राज्याच्या संघातही आला नाही. कॉलेज संपलं तेव्हा एका तलावावर जीवरक्षक म्हणून लागला. घरी मात्र सांगत राहिला की सराव चालू आहे, निवड होईल.

त्याच तलावावर शरयू मॅडम मुलींना कलात्मक जलतरण शिकवायच्या. संगीतावर पाण्यात करायच्या कसरती. एका दुपारी तलाव रिकामा असताना हरिओम एकटाच विहिरीतले जुने खेळ करत होता. मॅडम काठावर उभ्या राहून बघत होत्या. तो बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, विहिरीत. त्यांनी त्याला सांगितलं की या खेळात आता पुरुषांनाही जागा आहे, एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी जागतिक स्पर्धांत उतरते, आपल्याकडे मुलगे मिळत नाहीत म्हणून तो प्रकार अडून राहतो. आणि त्यांच्याकडे एक चांगली मुलगी होती, आरोही. वीस वर्षांची, आठ वर्षं हेच करत आलेली.

हरिओमनं दोन दिवस घेतले. हा पोरींचा खेळ आहे, असं त्याला वाटत होतं. मला त्यानं खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, परदेशात जायला मिळेल एवढ्यासाठीच हो म्हटलं, सर. आणि मनात ठरवलं की गावात कुणाला कळू द्यायचं नाही.

खेळ त्याला वाटला होता त्यापेक्षा फार कठीण निघाला. नाकाला क्लिप लावून पाण्याखाली उलटं राहायचं, श्वास कोंडलेला, आणि त्यातच संगीताचे ठोके मोजायचे. पाय थकले की शरीर बोटभर खाली जातं, आणि तेवढं पंचांना दिसतं. पहिले सहा महिने आरोहीनं त्याला अक्षरशः शिकवलं. तो चुकला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, तक्रार न करता. वर्षभरात दोघं इतके जुळले की तिचा हात कुठे असेल हे त्याला पाण्यात न बघता कळायचं. आणि त्याला ते आवडायला लागलं. दोनशे मीटर पोहताना त्याला कधी तसं वाटलं नव्हतं. पण घरून फोन आला की तो म्हणायचा, हो, दोनशे मीटरची तयारी चालू आहे.

पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा बँकॉकला झाली, खुली स्पर्धा. मिश्र जोडीत सहा देश होते. केसांना जिलेटिन थापून चपटे केलेले, डोळ्यांत काजळ, अंगावर निळ्या टिकल्यांचा पोशाख. ही जोडी चौथी आली. पाण्याबाहेर आल्यावर आरोही रडली आणि हरिओमला, त्याच्याच शब्दांत, आपण पहिल्यांदा कुठेतरी बरोबर जागी आहोत असं वाटलं. संध्याकाळी त्यानं घरी फोन करून सांगितलं, दोनशे मीटरला चौथा आलो.

दीड-दोन महिन्यांनी कुणीतरी बँकॉकच्या त्या सादरीकरणाची चित्रफीत कापून मोबाइलवर पसरवली. धामणगावात शिवमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे ती आधी पोचली. चेहरा रंगवलेला, केस चपटे, नाव कुठे दिसत नव्हतं. पण ज्यांनी विहिरीवरचे खेळ पाहिले होते त्यांनी ओळखलं. शिवमनं ती रंगरावांना दाखवली. रंगराव घरी आले आणि त्यांनी फोन लावला.

हरिओम तेव्हा तलावाच्या काठावर बसला होता. शेजारी आरोही पायाला पट्टी बांधत होती. रंगरावांनी विचारलं, "हे टिकल्यावालं पोट्टं तू हायेस काय?"

हरिओम म्हणाला, "नाई, बाबा. दुसरा कोनी असन."

"लोक म्हनून राह्यले तूच हाय म्हनून."

"लोकाइले काय कळते? मी दोनशे मीटर पोयतो. हे पोरीइचं काम हाय."

रंगराव बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आरोही पुण्याची, पण एवढं वऱ्हाडी तिला समजलं. तिनं पट्टी बांधून पूर्ण केली. मग म्हणाली, "मग बँकॉकला माझ्याबरोबर पाण्यात कोण होतं?"

तिनं नाकाला क्लिप लावली आणि ती पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशी ती रोजच्या वेळी सरावाला आली आणि तो विषय तिनं काढला नाही. हरिओम म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इकडे रंगरावांनी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला. पुढच्या आठवडी बाजारात ते मेथीच्या जुड्या लावून बसले होते. समोरच्या हाटेलातली माणसं हसत होती. कुणी म्हणालं, रंगरावचं पोरगं नाचते भौ पान्यात. रंगराव उठले. आयुष्यात कुणाशी भांडण न केलेला माणूस हाटेलात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तो माहा पोरगा नाई. माह्या पोराची शप्पथ घेऊन सांगतो." शपथ ऐकून माणसं गप्प झाली. पोटच्या पोराची खोटी शपथ आमच्याकडे कुणी घेत नाही.

आता माझा वाटा. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. बँकॉकच्या स्पर्धेबद्दल जलतरण संघटनेनं दैनिकाकडे उशिरा पाठवलेल्या पत्रकात मला धामणगाव बढ्याचं नाव दिसलं आणि मी हरखलो. शरयू मॅडमना फोन करून फोटो मागवला. रंगरावांना मात्र फोन केला नाही, कारण बातमी चांगलीच होती. चार दिवसांनी ती छापून आली. मुलाचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव आणि टिकल्यांच्या पोशाखातला रंगीत फोटो. शिवमनं तो अंक दुकानाच्या काचेला चिकटवला.

रंगराव त्या दिवसापासून बाजारात बसेनासे झाले. माल दुसऱ्याच्या गाडीतून पाठवू लागले. हरिओमची आई रुक्मिणीबाई, तिनं मुलाला फोन करून एवढंच सांगितलं की तुझ्या बापानं शंभर माणसांत तुझी शपथ घेतली होती, ती खोटी पडली. आता ते जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नाहीत.

हरिओमनं त्याच दिवशी गाडी पकडली. आशियाई पातळीवरच्या एका स्पर्धेच्या निवड चाचणीला तीन आठवडे राहिले होते. त्यानं मॅडमना सांगितलं नाही, आरोहीला सांगितलं नाही. फोन बंद केला आणि नांदुऱ्याला उतरून गावी गेला. जोडीतला एक नसला की दुसऱ्याला उतरता येत नाही. आरोहीनं दहा दिवस वाट बघितली, मग मॅडमनी जोडीचं नाव मागे घेतलं. तिचं ते वर्ष तसंच गेलं. हे सांगताना हरिओम माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, बाबांशी खोटं बोललो ते भीतीनं, सर. पण तिला एक फोन करायला काय भीती होती?

गावात बाप त्याच्याशी बोलत नव्हता. हरिओम शेतात जायचा, मिरच्या तोडायचा, दोघं दोन सऱ्यांत. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी रंगराव सरीत उभे राहिले आणि विचारलं, "लाज कायची वाटली तुले? त्या खेळाची, का आमची?"

हरिओम म्हणाला, "दोन्हीची, बाबा."

रंगराव म्हणाले, "मले त्या टिकल्याचं काही वाटलं नाई. हिरीत तू तेच करे, मी लोकाइले बलावून दाखवो. पन म्या तुही शप्पथ घेतली. तुले काई झालं असतं तं?"

एवढं बोलून ते पुन्हा मिरच्या तोडायला वाकले. हरिओमला तोवर वाटत होतं की बाप लोकांच्या हसण्यानं खचला आहे. बाप इतके दिवस मुलाच्या जिवाला घाबरत होता, खोटी शपथ लागेल म्हणून. हे कळल्यावर, तो म्हणतो, मला सरीतच बसावंसं वाटलं.

पुढच्या बाजाराला त्यानं वडिलांना हट्टानं सोबत नेलं. दोघं जुन्या जागी बसले. थोड्या वेळानं हरिओम उठून हाटेलात गेला. तिथे शिवम होता, आणखी दहा-बारा जण होते. त्यानं सांगितलं, "त्या व्हिडिओत मीच होतो. बाबाले मी खोटं सांगतलं. ते शप्पथ घेऊन खोटं नाई बोलले, त्याइले माहीतच नव्हतं." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण हसला. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. शिवमनं विचारलं, मंग थे पोरगी कोन होती बे? हरिओमनं आरोहीचं नाव सांगितलं आणि म्हटलं, तिनंच मला शिकवलं. मग तो परत येऊन बसला. रंगराव मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते, त्यांनी वर बघितलं नाही. पण त्या दिवशी ते बाजार उठेपर्यंत बसले, आणि शिवमनं संध्याकाळी काचेवरचा अंक काढून टाकला.

महिनाभरानं हरिओम पुण्याला परत गेला. मॅडमनी त्याला ऐकवायचं ते ऐकवलं. आरोही तोवर सौमित्र नावाच्या मुलाबरोबर सराव करू लागली होती. हरिओमनं तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफ केलं. पण पाण्याखाली मला तुझ्यावर भरवसा ठेवता येणार नाही, हरिओम." त्यात राग नव्हता. उलटं असताना जोडीदार जागेवर आहे की नाही हे बघता येत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते त्याला पटलं.

मग तो पुरुषांच्या एकेरीत उतरला. दीड वर्षानं कझाकस्तानच्या स्पर्धेत त्याचं नाव लागलं. सात स्पर्धक होते. आपण कुठल्या कसरती करणार हे आधी लिहून द्यावं लागतं, आणि एखादी लिहिल्यासारखी झाली नाही तर तिला अगदी तळाचे गुण मिळतात. त्याची एक कसरत फसली. उलटा असताना गिरकी अर्धवट राहिली. तो सातवा आला. या वेळी त्यानं वडिलांना फोन करून जसं झालं तसं सांगितलं, पोशाख, काजळ, फसलेली गिरकी, सगळं.

रंगरावांनी विचारलं, "सातातून सातवा?"

"हाव."

"बरं. कवा येशीन?"

आता हरिओम बुलडाण्याला एका तलावावर शिकवतो. पहाटे स्वतःचा सराव, नंतर वर्ग. तीन मुली आणि एक मुलगा कलात्मक प्रकाराला येतात. मुलाच्या घरच्यांना त्यानं पहिल्याच दिवशी स्वतःचा टिकल्यांचा फोटो दाखवला आणि विचारलं, चालेल ना? मध्ये एकदा रंगराव न सांगता आले, पायऱ्यांवर बसून त्याचा सराव बघितला आणि तो पाण्याबाहेर यायच्या आत मोताळ्याच्या बसनं गावी निघून गेले. घरी रुक्मिणीबाईंना म्हणाले, त्या पाण्याले दवाईचा वास येते.

गेल्या वर्षी आरोही आणि सौमित्र एका आशियाई स्पर्धेत पाचवे आले. हरिओमनं ते मोबाइलवर थेट बघितलं. मी त्याच्या शेजारीच होतो. एका ठिकाणी सौमित्र पाण्यात थोडा उशिरा वर आला तेव्हा हरिओमचा हात आपोआप पुढे झाला, मग त्यानं तो मांडीवर ठेवला. निकाल लागल्यावर त्यानं तिला दोन ओळींचं अभिनंदन लिहिलं. लिहून पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवताना मला म्हणाला, "सर, अजूनही तिला काही लिहायचं तर लाज वाटते." तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. एकच शब्द होता, धन्यवाद.