वाळूतला शेजार

आम्ही जर्मनीत घर घेतलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर आम्ही वाळू घेतली; घर तिच्यावर नंतर आलं.

फ्रँकफर्टहून एस-बानने शेवटचं स्टेशन, तिथून तासाला एकदा येणारी बस, आणि बस जिथे सोडते तिथून पुढे चालत. पूर्वी तिथे वाळूची खाण होती. ती सपाट करून गावाने प्लॉट पाडले. त्याला नॉयबाउगेबीट म्हणतात, म्हणजे नव्या घरांची वसाहत. फक्त घरं नव्हती. झाड नाही, दुकान नाही. दिव्याचे खांब मात्र आधीच उभे. इथे पक्का रस्ता सगळ्यात शेवटी होतो, सगळी घरं बांधून झाल्यावर. तोवर खडीवरून चाला.

दोघंही इंजिनियर असल्यामुळे आम्ही फार विचार केला, आणि दार पूर्वेला येईल असा, वसाहतीच्या पार टोकाचा प्लॉट निवडला. विकणाऱ्या बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की हाच? बसस्टॉपजवळचे सगळे मोकळे आहेत."

"गेनाऊ, हाच," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत, "बघच तू, थोड्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा राहणार नाही."

मी तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गोल फिरवून आईबाबांना जागा दाखवली. खालच्या मजल्यावरची एक खोली त्यांच्यासाठीच काढायची होती. जिना नको, बाथरूम लगत. आई बराच वेळ बघत राहिली.

"शेजारी कोण आहे गं?"

"येतील की."

"पापड वाळत घालायला मात्र फर्स्टक्लास जागा बघितलीस."

मग व्याजदर वाढले, आणि ज्यांनी प्लॉट घेतले होते त्यांनी बांधायचं पुढे ढकललं. टोकाला आमचं एकटं घर. वारा सुटला की पोळी दाताखाली कचकचायची. आणि आई तर त्या घरावर छप्पर चढायच्या आधीच गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा एकटे आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. वकील म्हणाला होता, अवघड आहे, पण प्रयत्न करता येईल. आधी वडील तयार आहेत का ते बघा. म्हणून मी बघत होते. भाजी दोनदा घेतली, हे चांगलं लक्षण. खिडकीशी नुसतेच बसले, हे वाईट.

संध्याकाळी ते नातीला घेऊन मोकळ्या प्लॉटांमधून फिरायला जात. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. बाबांना जर्मनचा गंध नाही. दोघांचं काही अडत नसे. एकदा मी गच्चीतून ऐकलं. ती रिकाम्या प्लॉटकडे बोट करून विचारत होती, "उंड दा?" म्हणजे, आणि तिथे?

"तिथे दातांचे डॉक्टर. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर असायचे. पेशंटच्या आधी स्वतःच ओरडायचे."

"उंड दा?"

"तिथे टायपिंग क्लासवाल्या बाई. महाभांडकुदळ. म्हणून कोपऱ्यातला दिला."

जेवताना मुलीने आम्हाला सगळी वसाहत समजावून सांगितली. नवरा खूश. "बाबा, मी म्हणत होतोच, वस्ती होणार!"

"जावईबापू, तुमच्यावर विसंबलो असतो तर झालीच होती," बाबा म्हणाले.

खूप हसलो. माणूस असा खेळ मांडतो म्हणजे रमला, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच कारभार हातात घेतला. "बाबा, हा मोठा प्लॉट तुमच्या बँकेतल्या मित्राला देऊ. ते दर रविवारी फोन करतात ते."

"त्याला कशाला?" बाबा दचकलेच. "तो आहे अजून."

मी चालता चालता एकेकाला आठवत गेले. दातांचे डॉक्टर. टायपिंगच्या बाई. आईची भिशीतली मैत्रीण. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. एकही उरलेला नव्हता. यातल्या निम्म्यांच्या बातम्या मला फोनवर कळल्या होत्या, आणि "अरेरे" म्हणत मी वरण ढवळत राहिले होते.

मुलगी पुढे पळाली होती. मी विचारलं, "आई कुठे आहे?"

"तिकडे, सगळ्यांच्या मधोमध. तिला माणसं लागतात."

"मग आमच्या शेजारचा? मला वाटलं, तो आईचा."

"तो माझ्यासाठी ठेवलाय. तुझं स्वयंपाकघर समोर येतं. चहा टाकलास की कळेल."

चेष्टा केली की बाबा घसा खाकरतात. मी वाट बघितली. खाकरले नाहीत.

"बाबा, शेजारी कशाला?" मी म्हटलं. "घरात खोली आहे ना. आत्ताच राहा."

"यायचंच आहे गं इथे. पण तिकडे आम्ही अजून चौघं आहोत. सकाळी बागेत बाकावर बसतो. एक जण आला नाही, तर बाकीच्यांना दिवसभर घोर लागतो. त्यांना कसा टाकून येऊ?"

कोणी दिसलं नाही म्हणून मला घोर लागावा, असं आमच्या वसाहतीत कोणीच नव्हतं. मी वकिलाला फोन केला नाही. बाबा परत गेले.

थंडी सुरू व्हायच्या आत शेजारच्या प्लॉटवर जेसीबी आला. जोडपं तरुण आहे, बाई गरोदर. इतकी वर्षं ज्यांची वाट बघितली ते शेजारी आले, म्हणून मी केक घेऊन गेले. ती पोरगी हौसेने दाखवत होती, इथे दिवाणखाना, इथे बाळाची खोली. मी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलावत होते आणि खणलेल्या खड्ड्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोनवर सांगितलं. न सांगण्याचा विचार केला होता, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

पलीकडे कावळे ओरडत होते. बाबा म्हणाले, "बरं झालं. मूलबाळ आहे?"

"होणार आहे."

"वा. मग मला आता लांबचा घ्यावा लागणार."

"नाही बाबा, तुम्ही..."

तेवढ्यात तिकडून कोणीतरी ओरडलं, "अहो, येताय ना? ऊन आलं बाकावर!"

"ठेवतो गं," बाबा म्हणाले. "बोलावतायत."