शेवटच्या पानावरचा एकटा बोंबील

पालघर तालुक्यातली पोरं ज्या चित्रांच्या पुस्तकासाठी भांडतात, ते लिहिणारी-काढणारी बाई मला सातपाटीत एकदाच भेटली. मी मोर्चाची पत्रकं वाटत होतो, ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची; एकटा बोंबील दोरीवर टिकत नाही. बोलतानाही हात थांबत नव्हते.

पुस्तकाच्या शेवटच्या चित्रात एक मुलगी जोडी नसलेला बोंबील दोरीवर हाताने धरून उभी आहे. ती मुलगी म्हणजे हीच. बापाची होडी परत आली नाही, त्या दिवशी ती तशीच उभी होती. चित्राखाली एक अक्षर नाही. आम्हा पत्रकवाल्यांना हे खटकतं. आमची शेवटची ओळ कायम मोठ्या ठशात.

पुस्तकाच्या प्रती संपल्यात. तिने सांगितलं, प्रकाशक म्हणतो, शेवटच्या चित्रात दुसरा बोंबील काढा, शेवट गोड करा, तरच पुन्हा छापू. ऐकून माझं डोकं फिरलं. लोकांचं दुःख विकायचं आणि वर त्यावर साखर पेरायची! "मावशी, निषेधाचं पत्र मी लिहितो!"

"घसा बसंल रं बाला, आदी पानी पी," ती हसली. मग तिने घरातून वाचनालयाची फाटकी प्रत आणून शेवटचं पान उघडलं. एकट्या बोंबलाशेजारी कुणा पोराने लाल खडूने दुसरा काढला होता, वाकडातिकडा, चक्क पाय असलेला.

"म्हणजे तुम्ही काढणार नाही?"

"नाय. मी काडला, तर पोरांनी काय काडायचं?"