पेटीतला एक आंबा

आप्पा नागवेकरांनी गोदाकाकूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरलं, उलटीसुलटी केली, देठापाशी नाक नेऊन हुंगली, बोटाने हलकेच दाबली आणि मग अलगद पेंढ्यावर ठेवून दिली. निदान गोदाकाकू तसं सांगते. सांगताना ती दरवर्षी एखादी क्रिया वाढवते. हुंगणं यंदाचं आहे. पुढच्या वर्षी बहुतेक वजनकाटा येईल.

खरं घडलं ते एवढंच. राजापूर तालुक्यातल्या आतल्या एका गावात, एप्रिलच्या तोंडावर, आप्पा आपल्या काकांना घेऊन मुलगी बघायला आले. बागेत काढणी सुरू व्हायची होती, त्यामुळे ते अंगाने राजापुरात आणि मनाने आरे-वारेच्या रस्त्यालगतच्या आपल्या कलमांखाली होते. चैत्र लागला की आप्पांच्या डोळ्यांवर आंबा चढतो. त्या दिवसांत ते माणसाकडेही फळाकडे पाहिल्यासारखे पाहतात. गोदा कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन ओटीवर आली. आप्पांनी पाहिलं आणि काकांच्या कानाशी लागून म्हणाले, “आकार बरा आहे. रंगही धरलाय.” काकांना कमी ऐकू येत असल्यामुळे हे सगळ्या ओटीने ऐकलं.

काका मात्र बराच वेळ गोदाच्या गालाकडे बघत होते. तिथे डाव्या बाजूला एक तीळ आहे, चांगला उडदाएवढा.

“डाग हाय रे, आप्पा,” काका म्हणाले.

“असू दे. डागी घरातच ठेवतात.”

ओटी हसली. जावई विनोदी मिळतोय म्हणून गोदाच्या वडिलांनी तिथल्या तिथे लग्न ठरल्याचा नारळ दिला. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात गोदाकाकूच्या ध्यानात आलं की आप्पांनी विनोद केलाच नव्हता. ते घरचा नियम सांगत होते.

नियम असा की निर्मळ हापूस पेटीत जातो आणि डागी घरात येतो. मोसमातला पहिला निर्मळ आंबा गावदेवीला, म्हणजे पर्यायाने गुरवाला. बाकीचे मुंबईला, पुण्याला, जिथे जातील तिथे. घरच्यांसाठी उरतो तो वाऱ्याने पडलेला, खारीने चाखलेला, उन्हाने भाजलेला, चीक ओघळून काळा पडलेला, नाहीतर काढताना देठ तुटलेला. अशा आंब्यांची रोज एक रास पडवीत ओतली जाते. तिथून पुढे गोदाकाकूचं राज्य.

तिची सुरी बोटभर लांबीची आहे आणि धार लावून लावून पात्याची काडी झाली आहे. आंबा डाव्या हातात फिरतो, सुरीचं टोक डागात शिरतं, एक गिरकी घेतं आणि डाग टोपणासारखा बाहेर उडतो. उरलेल्याचं काय करायचं ते गोदाकाकू वासावर ठरवते. फार पिकलेला असेल तर रस, आणि रसाबरोबर तांदळाची पांढरीशुभ्र घावनं. रस पातळ निघाला तर त्यात तांदळाचा रवा, गूळ, नारळाचं दूध घालून सांदणं उकडायची. रस जास्त झाला तर तूप लावलेल्या ताटांत पसरून उन्हात साठं घालायचं, आणि ते वाळेपर्यंत कावळ्यांना नावं ठेवत बसायचं. आंबट-गोड असा मधलाच निघाला तर शिरा. कच्चा पडलेला असेल तर पन्हं, नाहीतर किसून गुळात शिजवून मेथांबा. सासव मात्र ती गावठी रायवळाचंच करते. उकडलेला बिटका आंबा कोयीसकट, त्यावर ओलं खोबरं, मोहरी आणि सुकी मिरची वाटून, वर गुळाचा खडा. हे भातावर घेतलं की आप्पा बोलत नाहीत. आप्पा बोलत नाहीत ही त्यांची दाद.

सकाळी गुरगुट्या भात आणि लोणच्याचा खार, दुपारी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बोंबील, आणि कडेला या डागी दरबारातलं काहीतरी. उन्हाळा असा वर्षानुवर्षं चालला. गोदाकाकूची कधी तक्रार नव्हती. तिचा तर सिद्धांत होता की खार काय मूर्ख नाही. ती कुरतडते तो आंबा गोडच असतो.

गडबड केली ती तासगावच्या विहीणबाईंनी, आणि तीही फोनवरून.

गोदाकाकूचा मुलगा सागर रत्नागिरीत एमआयडीसीतल्या कंपनीत आहे आणि संध्याकाळी व्हॉट्सॅपवर आप्पांच्या पेट्या विकतो. त्याचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं. सून दीपाली तासगावची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. तिच्या आईला सांदणं शिकायची होती, म्हणून दीपालीने फोन स्पीकरवर टाकून पोळपाटावर उभा केला.

“सांगा, आई.”

गोदाकाकू पदर सारखा करून फोनच्या जवळ सरकली. “पहिला डाग काढून घ्यायचा.”

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, “बरं. आणि डाग नसला तर?”

गोदाकाकूने पदर पुन्हा सारखा केला. पन्ह्यापासून वडीपर्यंत तिची प्रत्येक कृती डाग काढण्यापासून सुरू होते. वांग्याच्या भरताचीही तशीच होते. डाग नसलेल्या आंब्याचं काय करायचं असतं?

“डाग नसला तर तो आपला नव्हे,” ती शेवटी म्हणाली.

फोन ठेवल्यावर दीपाली हसत होती, मग हसायची थांबली. “आई, तुम्ही पेटीतला आंबा कधी खाल्लाच नाही?”

“वास येतो की रोज.”

“खाल्ला नाही?”

“माहेरी नुसते रायवळ. इथे हे असे.” गोदाकाकूने पडवीतल्या राशीकडे हनुवटी केली.

“आमच्याकडे तर पहिला घड घरात येतो. मग व्यापारी.”

“तुमच्याकडे आप्पा नाहीत,” गोदाकाकू म्हणाली आणि घावनाचा तवा पुसायला लागली. पण तव्यावर चार घावनं फाटली. तिच्या हातून घावन फाटलेलं त्या घराने पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिला तो आंबा दिसायला लागला. आधीही समोरच होता, पण देवळातल्या दागिन्यासारखा. बघायचा, आपला म्हणायचा नाही. आता पेटी भरताना आप्पांच्या हातातून एकेक निर्मळ फळ कागदाच्या तुकड्यांत बसायचं आणि गोदाकाकूच्या तोंडाला या वयात पाणी सुटायचं. ‘मी काही पाहुणी नाही, पण गिऱ्हाइकापेक्षा कमी आहे काय?’ असं तिच्या मनात आलं, आणि आलं ते जाईना.

“मी काढून आणते की एक,” दीपाली कुजबुजली. “आप्पांना कळणार पण नाही.”

“कळेल. ते आंबे ओळखतात. आणि चोरून खायचा तर इतकी वर्षं मला कुणी बांधून ठेवलं होतं? मला त्यांच्या हातून पायजे, बाय.”

मग एके दिवशी जेवणं झाल्यावर तिने सरळ विषय काढला.

“अहो, पेटीतला एक आंबा द्या.”

“कुणाला?”

“मला.”

आप्पांनी तिच्या मागे कुणी उभं आहे काय ते पाहिलं. “तुला कशाला? घरात काय आंबे कमी झाले?”

“ते डागी. मला बिनडागाचा पायजे.”

“चव तीच असते गो.”

“मग डागी पेटीत भरा.”

यावर आप्पांना तातडीने बागेत जायची आठवण झाली.

पुढचे पंधरा दिवस ते निसटत राहिले. आधी म्हणाले, हा पहिला बार, गिऱ्हाइकांना शब्द दिलाय. मग म्हणाले, यंदा थ्रिप्सच्या किडीने खाल्लंय, माल तुटपुंजा आहे. मग म्हणाले, आता उष्म्याने फळ लवकर पिकतंय, हे खाण्यासारखं नाही. जे फळ खाण्यासारखं नव्हतं त्याचे फोटो सागर त्याच संध्याकाळी ‘मधासारखा’ असं लिहून पाठवत होता.

आप्पा वाईट माणूस आहेत असं नाही. आप्पा कंजूषही नाहीत. गोदाकाकूला गुडघ्याचं दुखणं झालं तेव्हा हा माणूस तिला घेऊन कोल्हापूरपर्यंत गेला. पण निर्मळ आंबा घरात खाणं हे त्यांच्या दृष्टीने विक्रीला आणलेल्या लुगड्याने हात पुसण्यासारखं होतं. त्यांनी स्वतः तरी कुठे खाल्ला होता? त्यांच्या वडिलांनीही खाल्ला नव्हता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गोदाकाकूने सकाळी सुरी धुतली, पुसली आणि फळीवर उताणी ठेवली.

“हे काय?” आप्पांनी विचारलं.

“सुट्टी.”

“कसली?”

“डागी आंब्यांना माझा हात लागायचा नाही. भात मिळेल, पिठी मिळेल. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

त्या दुपारी ताटात भात होता, पिठी होती, बोंबील होता. आप्पांनी वाटीची वाट पाहिली. वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाहीच. पडवीतली रास वाढत गेली, तिच्यावर चिलटांचा ढग बसला आणि घराला दारूच्या गुत्त्यासारखा वास यायला लागला. वाडीतला एकजण कुंपणापाशी थांबून “आप्पा, काय सुरू केलंत काय?” असं आशेने विचारून गेला.

तिसऱ्या दिवशी आप्पा स्वतः सुरी घेऊन बसले. झाडावरच्या आंब्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही, पण आंबा जमिनीवर आल्यानंतर पुढे काय होतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते भीत भीत डागाच्या चारी बाजूंनी कापत सुटले. घटकाभराने त्यांच्यासमोर एक मोठा ढीग होता तो डागांचा, आणि एका वाटीत सात कोयी.

“आप्पा, रस कुठाय?” सागरने विचारलं.

“तुझ्या आईला विचार,” आप्पा म्हणाले, आणि हातपाय धुऊन आंब्याच्या खोलीत गेले.

तिथे पेंढ्यात शेवटच्या पेट्यांचा माल पिकत घातला होता. बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात. सागर दाराच्या फटीतून बघून आला.

“काय करतायत?” दीपालीने विचारलं.

“निरोप घेतायत.”

खरोखरच आप्पांच्या मांडीवर तीन आंबे होते आणि ते एकेकाला उचलून पुन्हा ठेवत होते. अडचण अशी झाली होती की, एकदा द्यायचाच म्हटल्यावर दुसऱ्या प्रतीचा देणं त्यांना जमेना. हा वजनाला कमी. ह्याच्या देठाशी एक टिंब, सुईच्या अग्राएवढं, पण टिंबच. शेवटी त्यांनी हात पेंढ्यात कोपरापर्यंत घातला आणि तळातून असा एक आंबा काढला, जो त्यांनी पेटीच्या वरच्या थरात मधोमध बसवण्यासाठी राखला होता. केशरी, खांद्याशी किंचित लाली, आणि सबंध अंगावर एक ठिपका नाही.

ते स्वयंपाकघरात आले. गोदाकाकू पिठी घोटत होती. आप्पांनी आंबा दोन्ही हातांत धरून पुढे केला. काय बोलावं ते त्यांना कळेना, म्हणून ते म्हणाले, “साडेतीनशे ग्रॅम भरेल.”

गोदाकाकूने पळी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि मग आंबा घेतला. तिला जे पाहिजे होतं ते खरं तर तेव्हाच मिळालं होतं, पण आंबा हातात होता, आणि सगळे बघत होते.

“कापा, आई,” दीपाली म्हणाली.

गोदाकाकू पाटावर बसली. तिने आंबा डाव्या हातात फिरवला, पुन्हा फिरवला, उलटा केला. सुरी हवेत तशीच राहिली.

“काय झालं?” आप्पांनी घाबरून विचारलं.

“कुठून लावू? डागच नाही.”

“लाव गो कुठूनही.”

तिने देठाकडून सुरी लावली आणि एका बाजूची फोड उतरवली. फोड पुढ्यातल्या ताटलीत उताणी पडली आणि चौघांनीही तिच्याकडे पाहिलं. कोयीच्या अंगाला मधोमध गर पांढरट होता, स्पंजासारखा फुगलेला, आंबूस वासाचा. दुसरी फोडही तशीच. हापूसला हा रोग आहे. फळ बाहेरून कितीही देखणं असो, आतून ते असं निघू शकतं, आणि कापेपर्यंत ते कुणालाच, आप्पांनाही, कळत नाही. बागायतदार त्याला साका म्हणतात.

मग आप्पांनी मोठा सुस्कारा सोडला.

“सुटलो,” ते म्हणाले. “पेटीत गेला असता म्हणजे गिऱ्हाईक तुटलं असतं.”

“आप्पा!” दीपाली ओरडली.

आप्पा वरमले. दुसरा आणतो म्हणून उठले. “बसा, पिठी निवते,” गोदाकाकू म्हणाली, आणि तिने ताटं घेतली. संध्याकाळी टेम्पो आला आणि उरलेला सगळा निर्मळ माल पेट्यांतून पुण्याला गेला. कापलेला आंबा गायीने खाल्ला.