किल्ल्याला वर्दी

बाळापूरला मी ज्या काकांच्या ऑटोने कॉलेजात जातो, ते रस्ता मोकळा असला तरी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवतात.

"कावून वाजवता, काका?"

"आपण येऊन राहिलो, हे सांगा लागते ना बाबू."

रविवारी गावाहून आलेल्या आईबाबांना इथला किल्ला दाखवायला त्यांच्याच ऑटोने नेलं. तो उंच दरवाजा पाहून बाबा बाहेरच थबकले.

"तुमी या पाहून. आपल्यासारख्याले आत कोण जाऊ देते?"

मी खूप समजावलं, पण त्यांचा पाय हलेना. तेवढ्यात काकांनी दरवाजाकडे पाहून लांबलचक हॉर्न वाजवला.

"वर्दी देली, भाऊ. आता नाई गेले तं बरं दिसन काय?"

बाबा हसले आणि आईच्या मागोमाग आत गेले.

काका मात्र ऑटोतच बसून राहिले. ते स्वतः कधी आत गेलेत का, हे मी अजून विचारलेलं नाही.