इजिप्तचे साहेब आणि गोदामावशीचं हूं

बंगले राखणाऱ्याकडं दोनच गोष्टी साठतात, किल्ल्या आणि किस्से. किल्ल्या मालकाला परत द्याव्या लागतात.

तुंगार्लीच्या आमच्या बंगल्यात यंदा नबीलसाहेब उतरले होते. माणूस इजिप्तचा, कादंबऱ्या मात्र इंग्रजीत. शेवटचं प्रकरण अडलेलं आणि शनिवारी पुस्तक लंडनला गेलं नाही तर छापणारा ते सोडून देणार. हिंदी पिक्चर बघून साहेबांना कामापुरती हिंदी यायची. माझी इंग्रजीही तेवढीच, म्हणून आमचं जमलं.

*

साहेब बसतच नसत. सकाळपासून कंपाउंडला फेऱ्या. फाटकाशी एक जमिनीचा एजंट थांबला. "भाऊ, हे काय करतायत?"

"पावलांनी प्लॉट मोजतायत. इजिप्तवाले हायेत, त्रिकोणी बांधणार."

दुपारपर्यंत सात एजंट कार्डं घेऊन हजर. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. तेवढंच लिहिणं टळलं.

*

एकदा मी विचारलं, "आई वाचते का तुमची पुस्तकं?"

"तिला इंग्रजी येत नाही."

"म्हणूनच इंग्रजीत लिहिता!"

साहेब हसले नाहीत. आई कैरोत एकटी. अडलेल्या प्रकरणातही आईच होती. मुलगा कैक वर्षांनी घरी येतो आणि ती त्याला माफ करते.

माझा जोक असा वाया जात नाही सहसा.

*

बसले की साहेबांचा पाय टेबलाखाली हलायचा. स्वयंपाकाला टाकव्याची गोदामावशी. ती म्हणायची, "पाय हलवू नको रं बाबा, घरातली लक्ष्मी जाती."

मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी पाय दाबून धरला, तर हाताची बोटं हलायला लागली.

"ह्याच्या अंगात शिलाई मशीन हाय," मावशी म्हणाली.

*

शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं, आमच्यात गोष्ट ऐकणाऱ्यानं हूं म्हणावं लागतं. हूं थांबलं की गोष्ट थांबली. मी थट्टा करत होतो. साहेबांनी मावशीला तांदळाच्या सुपासकट समोर बसवलं आणि इंग्रजीत वाचायला लागले. मावशी खडे वेचतेय, हूं म्हणतेय. आई माफ करते ती जागा आली आणि मावशी गप्प.

पुन्हा वाचलं. पुन्हा गप्प.

"मावशी, हूं म्हण की."

"हितं येत न्हाई."

"तुला इंग्रजी कुटं कळतं?"

"कळतं म्हणाले का मी? येत न्हाई म्हणलं."

साहेब कागद घेऊन फेऱ्यांना गेले.

*

शनिवारी सकाळी त्यांनी आईला फोन लावला. तेच पान आपल्या भाषेत वाचलं. म्हातारीनं मध्येच तोडलं आणि बोलायला लागली, ती बोलतच राहिली. साहेब इकडून नुसतं हूं, हूं.

फोन ठेवून त्यांनी ते पान फाडलं, बसून दुसरं लिहिलं आणि मावशीला हाक मारली.

वाचता वाचता ती जागा आली. मी दारात उभा.

सुपातून मान वर न करता मावशी म्हणाली, "हूं."

मी वाकून टेबलाखाली पाहिलं. पाय हलत नव्हता.