टाकीजवळचा पिवळा दिवा

माणसाला शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या माथ्यावर नेऊन उभं करा, तो आधी काय करील? देखावा बघेल? छे! तो आपलं घर शोधेल. काचेला नाक लावील, बोट रोखील आणि बायकोला म्हणेल, "ते बघ, आपलं!" आणि दहांतल्या नऊ जणांचं बोट भलत्याच घरावर असतं.

हे कोटवाल्यांचं मत. त्यांना मत असायचा अधिकारही होता, कारण त्या माथ्यावरच्या काचबंद सज्ज्यात, केस काळे होते तेव्हापासून, ते माणसांना रात्रीच्या शहरापुढे उभं करून त्यांचे फोटो काढत आले होते. कोटवाले हे नाव काळ्या कोटामुळे पडलेलं. रात्री काचेतून फोटो काढायचा तर काढणाऱ्याने काळंच घालावं लागतं. पांढरा सदरा घातलात की फोटोत दिव्यांवर तुमचंच भूत तरंगलेलं दिसतं. म्हणून उकाड्याने जीव जात असला तरी कोट अंगावर. कोपरांवर तो झिजून चकाकायला लागला, आणि चकाकणारं काळं म्हणजे पुन्हा भूत; तेव्हा बायकोने तिथं जुन्या मखमलीची ठिगळं लावून दिली.

"जरा डावीकडे, हनुवटी वर, हसा!" हे ते झोपेतसुद्धा म्हणत. पण झोप होती कुठे? उभं राहून राहून पिंडऱ्यांचे गोळे व्हायचे. गर्दी ओसरली की ते खांबाला पाठ टेकत आणि खाली बघत. खाली पाण्याची टाकी, टाकीला लागून एक पिवळा दिवा. ते त्यांचं घर. त्या दिव्याकडे बघितलं की पायांतली कळ जरा उतरायची आणि डोक्यात चढायची. कारण दिवा फार लवकर मालवायचा.

"मी तिकडे पायांचे तुकडे पाडून घेतो, आणि तू सांज झाली की डाराडूर!" ते घरी आल्या आल्या म्हणत.

"अहो, जागी होते. दार कोणी उघडलं मग?"

"डोळे चोळत उघडलंस. दिवा मालवलेला मी वरून बघितलाय, माझ्या या डोळ्यांनी."

"डोळे तुमचे आहेत," ती म्हणायची, "पण दिव्याचं बटण माझ्या हाताशी असतं."

हे भांडण त्यांच्या घरात मिठासारखं झालं होतं, रोज चिमूटभर. त्यावाचून जेवण उतरायचं नाही.

होता होता राहती इमारत मोडकळीला आली. पाडायचं ठरलं, सगळ्यांनी जागा सोडायची. या दोघांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्या मिळाल्या. निघायच्या आदल्या दिवशी बायको बोचक्याची गाठ दाताने आवळता आवळता म्हणाली, "सगळ्या जगाचे फोटो काढलेत. या घराचा एक नाही. आज वरून काढा. उद्यापासून इथं कोणी दिवा लावणार नाही."

"तूच चल की वर. तुझ्यासकट काढतो."

"नको बाई. त्या लिफ्टमध्ये माझं पोट खालच्याच मजल्यावर राहतं. मी दिवे लावून बसते."

तर त्या दिवशी कोटवाले दिवेलागणीलाच वर गेले. सूर्य बुडालेला असतो, आकाशात निळाई उरलेली असते, आणि खाली दिवे लागत असतात, अशी एक वेळ असते. ती साधली तर फोटो, नाहीतर नुसता काळोख आणि ठिपके. दमलेल्या हातांनी त्यांनी तिवई मांडली, कॅमेऱ्याभोवती काळं फडकं गुंडाळून ते काचेला चिकटवलं आणि टाकीजवळचा पिवळा दिवा बरोबर मधोमध धरला. शेजारी लिफ्टमन उभा. याची बडबड म्हणजे फुकटचा रेडिओ.

कोटवाल्यांनी घरी फोन लावला. "दिवे लावलेस?"

"लावलेत. काढून गुंडाळलेले बल्ब परत लावले. तेवढीच कामं उरलीत ना मला!"

"खात्रीसाठी एकदा बंद कर बघू."

"केले."

पिवळा दिवा ढिम्म हलला नाही.

"अगं, बंद कर ना."

"केले म्हणते ना! अंधारात उभी आहे, पायांत सगळी बोचकी. पडले तर आणखी एक बोचकं वाढेल तुमचं."

"पण इथं तर लागलेलाच दिसतोय."

"मग तुमचे डोळे तपासून घ्या!"

कोटवाले काचेला डोळा लावून उभे. तेवढ्यात लिफ्टमनने त्यांचा कोट ओढला. "इकडे नाही हो, तिकडे! त्या पलीकडच्या टाकीखाली आत्ता एक दिवा गेला."

पलीकडची टाकी! अहो, टाक्या दोन होत्या. सारख्याच बुटक्या, सारख्याच पोटाच्या.

"लाव," कोटवाले फोनमध्ये म्हणाले. पलीकडच्या टाकीखाली एक बारीकसा, पांढुरका दिवा लागला. "मालव." मालवला. "लाव."

"पोरखेळ चाललाय का?" फोनमधून आवाज आला.

लिफ्टमन खो खो हसायला लागला. "दहांतले नऊ म्हणत होतात ना? दहावाही आज चुकलेलाच निघाला!"

कोटवाल्यांना मात्र हसू येईना. वर्षानुवर्षांची सगळी भांडणं जिन्यावरून गडगडत आल्यासारखी अंगावर आली. तो पिवळा दिवा मालवणारी बाई कोण, कुठली, देव जाणे. बिचारी वेळेवर झोपत होती, एवढंच. आणि यांची जागी असायची ती या बारक्या पांढुरक्या दिव्याखाली, आणि तिकडे यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

आणि आकाशातली निळाई तर चालली होती.

त्यांनी तिवई उचलली आणि सज्ज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पळत नेली. दिवा लहान, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायला हवा, आणि तेवढ्यात कोणी जोरात पाऊल जरी टाकलं तरी सज्ज्याची जमीन थरथरते. नेमकी खालून कोणी लिफ्ट बोलावली आणि माणसांची टोळी वर आली. लिफ्टमन दारात आडवा झाला. "थांबा मंडळी, लिफ्टला दम लागलाय. तिला श्वास घेऊ द्या, मग उतरा."

कोटवाल्यांनी बटण दाबलं. पण त्यांचेच पाय लटपटत होते. तेव्हा ते हळूच मागे सरकले आणि जमिनीवर फतकल मारून बसले, कानाला फोन.

"झालं का हो? किती वेळ ठेवू लावून?"

"राहू दे लावलेला," ते कुजबुजले.

"नवलच! बरं."

त्या रात्री ते जिना चढून घरी पोचले तेव्हा बायको बोचक्यावर बसली होती. त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो तिच्यापुढे धरला. एवढ्या मोठ्या शहरात, टाकीखाली, तांदळाच्या कणीएवढा दिवा.

"हे आपलं? एवढंसं?" मग ती फोटो जवळ घेऊन म्हणाली, "ही टाकी तर डाव्या अंगाची दिसते. तुम्ही तर नेहमी सांगायचात..."

कोटवाल्यांनी एक दम घेतला आणि सगळं सांगितलं. टाक्या दोन, दिवे दोन, आणि चूक एकच.

 ती पदर तोंडात कोंबून हसली, बोचकं गदगदा हलेपर्यंत. "म्हणजे झोपायची ती, आणि बोलणी खायची मी?"

"हो."

"आणि मी जागी असायची, ते?"

"ते बघायला वर कोणी नव्हतं," कोटवाले म्हणाले. "मी होतो, पण तिकडे माझी पाठ होती."

बायकोने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी की दुसरं, ते तिलाच ठाऊक. "बसा आता. कोट काढा. उद्या सगळं ओझं उचलायचंय."

कोट निम्मा निघाला, निम्मा अंगावरच राहिला. ते बोचक्याला टेकले ते टेकलेच. ती "जरा पाठ टेकते आणि उठून दिवा मालवते" म्हणाली आणि तशीच पलीकडच्या बोचक्यावर कलंडली. दिवा रात्रभर जळत राहिला. वरून कोणी बघत असतं तर म्हणालं असतं, बघा, त्या घरात अजून जाग आहे!